हसिंताची मूठ आणि चाकूचा दिवस

पाशुकाब, मुलांचा वॉर्ड
सोमवार, दुपारची भाकरी झाल्यावर

गावाचे शुभाशुभ दिवस मोजणारे, मेलेल्या पूर्वजांशी रोज बोलणारे आणि जिवंत बहिणीशी गेलं वर्षभर न बोलणारे आमचे वडील बंधू तात गास्पार यांच्या पायाशी धाकट्या तोमासाचा नमस्कार पोचो.

दादा, गुडघा कसा आहे? डोंगरावर ढग बसले की तो दुखतो हे मला ठाऊक आहे. मी पाठवलेलं मलम तू स्वतःला न लावता खेचराच्या खुराला लावतोस, हेही ठाऊक आहे. (खेचर कसं आहे? त्याला गुण आला असेल तर कळव. मलम चांगलं आहे असं मी समजेन.) वहिनींचा खोकला, कोंबड्या, मका, सगळं ठीक असेल अशी आशा करते. आशाच करावी लागते, कारण तुझा फोन मक्याच्या कणगीत पुरलेला असतो आणि रेंज मिळवायला तुला दोन टेकड्या चढाव्या लागतात. पूर्वजांशी बोलायला तर एकच चढावी लागते. तेव्हा तू त्यांनाच पसंत करतोस यात नवल नाही. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे दोन पाय आहेत आणि दिवसभर त्यांच्यावर उभी आहे.

आधीच सांगून टाकते, मला तुझ्याकडून काहीही नको आहे. बहिणीचं पत्र आलं म्हणजे काही काम निघालं असणार, असं तुझ्या मनात येणारच. तसं काही नाही. फक्त मन मोकळं करायचं आहे. इथे ऐकायला माणसं पुष्कळ आहेत, पण ती सगळी पाळण्यातली आहेत, आणि अर्ध्यांना ताप आहे.

तर गोष्ट अशी की आमच्या वॉर्डात सेवा करायला परदेशातून एक मुलगी आली आहे. आमच्याकडे वीस पाळणे, तीन नर्सा आणि एक गळका नळ. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते हेच. तिचं नाव लीसबेथ. हॉलंड म्हणून देश आहे, तिथली. तिथे म्हणे एकही डोंगर नाही (मग ढग बसतात तरी कशावर, कोण जाणे). डोंगर नाहीत म्हणूनच बहुधा माणसं स्वतःच उंच वाढत असावीत. आपल्या माणसांच्या मापानं बांधलेल्या दारातून ती आत येते तेव्हा दर वेळी चौकटीवर कपाळ आपटतं, ठक्. पहिल्या दिवशी आपटलं, समजू शकते. महिना होत आला, रोज आपटतं. आता तो आवाज झाला की रडणारी पोरं रडायची थांबतात आणि हसायला लागतात. खरं सांगायचं तर आजवरची तिची सगळ्यांत मोठी सेवा हीच.

तिला इंजेक्शन देता येत नाही, सलाइन लावता येत नाही, ताप मोजता येतो पण तो वाचता येत नाही, कारण तोवर डोळे भरून आलेले असतात. पहिल्याच आठवड्यात मी एका दीड वर्षाच्या पोराला सुई टोचली, तर पोर गप्प आणि ही हुंदके देतेय. शेवटी त्या पोरानंच आपल्या हातातलं बिस्किट तिच्यापुढे धरलं. तिच्या देशात ती जुन्या वस्तू काचेच्या कपाटात कशा ठेवायच्या याचं शिक्षण घेते. त्या शिक्षणाचा पाळण्यातल्या पोरांना काय उपयोग, असं मी मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘तोमासा, चांगुलपणाला नाही म्हणू नये.’’ मी नाही म्हटलंच नाही. मी फक्त चांगुलपणाला कपाळावर लावायला बर्फ आणून दिला.

मग ते दृष्टीचं प्रकरण. येण्याआधी तिला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं की परक्याच्या मुलांना हात लावायचा नाही. म्हणून बाई प्रत्येक पाळण्याशी थांबायची, हात पाठीमागे बांधायची, ते निळे डोळे बटाट्याएवढे करायची आणि म्हणायची, ‘‘अगं बाई, किती गोड! किती सुंदर!’’ आणि हात न लावता पुढे. आता तू सांग, आपल्यात पोराचं कौतुक करून त्याला हात न लावता कोण जातं? संध्याकाळपर्यंत सात पोरं किरकिरायला लागली. आया उठल्या, स्वयंपाकघरातून अंडी आणली आणि पोरांवरून फिरवायला लागल्या. अंडी फोडून बघतात तर काय, प्रत्येकीला पिवळ्या बलकात एकेक डोळा दिसला, आणि तोही निळाच. (मला दिसला नाही. पण मी नर्स आहे, मला दिसायची परवानगी नाही.) दुसऱ्या दिवशी न्याहारीला वॉर्डात कुणालाच अंडं मिळालं नाही. मी लीसबेथला समजावलं की कौतुक केलंस तर डोक्यावर हात ठेव, म्हणजे नजर उतरते. पोरगी आज्ञाधारक आहे, एवढं कबूल करायला हवं. परवा डॉक्टर नवा शर्ट घालून आले. ही म्हणाली, ‘‘छान दिसतोय,’’ आणि सगळ्यांदेखत त्यांच्या टकलावर हात ठेवला.

यानंतर तिला आपल्या संस्कृतीची आवड लागली. त्यापेक्षा पडसं बरं. एका गुरुवारी बाजारातून तिनं आपल्या गावच्या बायकांचा अंगरखा, वीपील, आणला. आपल्या आईकडे होता तसलाच, पांढरा, छातीवर जांभळ्या पक्ष्यांचा. शुक्रवारी सकाळी तो अंगात घालून ही दारात उभी. ठक्. पोरं हसली, पण आयांच्या तोंडचं पाणी पळालं. एकीनं पोर उचललं आणि थेट मोरीत जाऊन कडी लावली. दादा, आपल्याकडे तो वीपील बाई आयुष्यात दोनदा घालते, एकदा लग्नात आणि एकदा मातीत जाताना. लग्नाची तर काही चिन्हं नव्हती. म्हणजे आजारी पोरांच्या वॉर्डात सहा फुटी मढं पुरायच्या पोशाखात चालत आलं आणि हसून सगळ्यांना शुभ सकाळ म्हणालं! मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिचं तोंड बघवेना. मग दिवसभर तिनं माझा जुना एप्रन घातला, तो तिच्या बेंबीपर्यंत आला.

दर शनिवार-रविवार ती आपला वारसा शोधायला जाते. आपला म्हणजे माझा आणि तुझा, तिचा नव्हे. मागे एकदा पार खालच्या जंगलात जाऊन पडकी देवळं बघून आली. नाकाची सालपटं निघाली होती, पाय डासांनी फोडले होते. मी तिच्या तोंडाला कोरफड चोळतेय आणि ती डोळे मिटून सांगतेय, काय ती माणसं, काय त्यांचं ज्ञान, आकाश कोळून प्यायली होती, आणि एवढी मोठी जमात, तोमासा, अचानक नाहीशी झाली! कुठे गेले असतील गं माया लोक?

मी हातातली कोरफड बघितली, माझं नेसण बघितलं, समोर ओळीनं पोरांना पदराखाली घेऊन बसलेल्या आया बघितल्या. म्हटलं, ‘‘जेवायला गेलेत, येतील एवढ्यात.’’ तिनं मान डोलावली. ते तिला फार खोल वाटलं.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आता हसिंताची गोष्ट ऐक.

हसिंता आठ वर्षांची आहे. पलीकडच्या खोऱ्यातली. आई उत्तरेकडे कामाला गेली ती फोनमध्येच राहिली. पोर आजीजवळ वाढलं. ही चालायला लागली त्याच दिवसांत चुलीच्या तीन दगडांमध्ये पडली, आणि उजवा हात निखाऱ्यात गेला. जखम भरली, पण बोटं तळव्याला चिकटून मिटली ती कायमची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्याला ती मूठ दाखवायला हवी. भाकरी थापता येत नाही, मागावर बसता येत नाही, शाळेत डाव्या हातानं लिहिते म्हणून पोरं चिडवतात. जीभ मात्र दोन्ही हातांची कसर भरून काढते. मला मोठ्या मानानं म्हणते, ‘‘नान तोमासा, तुम्ही एवढ्या ओरडता, तुमच्या घरी कुणी नाही का ऐकायला?’’ आहे बाई, म्हटलं, एक भाऊ आहे, पण तो बहिरा झालाय.

हात उघडून देणारे सर्जन वर्षातून एकदा आमच्याकडे येतात. या गुरुवारी हसिंताची पाळी आहे. शुक्रवारी ते परत जातात. ते म्हणाले की पोर वाढतंय, हाडं वाकडी होतायत. आता उघडला तर हात होईल, पुढल्या वर्षी काय सांगता येत नाही. आजीनं सगळं ऐकलं, रडली, हो म्हणाली. आजीचं नाव पास्कुआला. पक्की देवळातली बाई आहे. देऊळ म्हणजे ते नवं, कर्णे आणि ड्रम वाजवणारं. तीस वर्षांपूर्वी तिच्या पाद्र्यानं तिच्याकडून आईचं धुपाटणं दरीत फेकवलं. तेव्हापासून बाईनं सोमवार-मंगळवार सोडून पूर्वजांच्या मोजणीतला एकही दिवस ओळखला नाही. मला बरंच झालं होतं, कापायला मुहूर्त विचारणारं कुणी नव्हतं.

आणि शनिवारी आमची संस्कृतीची आवड तळ्यावर गेली. तिथे पिसं लावलेला एक महान ज्ञानी तिला भेटला. (नासारियो पंपवाल्याचा थोरला. पंप दुरुस्त करता येईना म्हणून पिसं लावली.) त्यानं तिचा जन्मदिवस मोजला आणि सांगितलं की तू जग्वारच्या दिवशी जन्मलीस. अर्थातच. आजवर त्या तळ्यावर एकही परदेशी माणूस कुत्र्याच्या दिवशी जन्मलेला नाही. शिवाय त्यानं तिला पूर्वजांच्या मोजणीतल्या वीस दिवसांचा रंगीत तक्ता दिला. आज सकाळी तिनं तो वॉर्डात लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावला आणि पोरांचे दिवस सांगत बसली. तू हरिण, तू वारा, तू मक्याचा दाणा. पोरं खूश. मीही म्हटलं, चला, निदान टक्कर तरी थांबली. तेवढ्यात हसिंता म्हणाली, माझ्या ऑपरेशनचा दिवस सांग ना. लीसबेथनं तक्त्यावर बोट फिरवलं, थांबली, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘अरे देवा. तिहाश. चाकू!’’

वाईट याचंच वाटतं की मोजणी बरोबर होती. चुकली असती तर मी ओरडून गप्प केलं असतं. मी मनात मोजलं, बोटांवर मोजलं, बाबांनी शिकवलं तसं पुन्हा मोजलं. गुरुवार तिहाशच आहे, गारगोटीच्या पात्याचा दिवस. त्या पंपवाल्याच्या तक्त्यावर त्याखाली काय छापलंय ठाऊक आहे? ‘धारदार दिवस, भांडणं, रक्त, सांभाळून राहा.’ आता ऑपरेशनच्या दिवशी चाकूचा दिवस आला तर त्यात बिघडलं काय? चमच्याचा दिवस हवा होता का? पण हे मी म्हणेपर्यंत पास्कुआला उठली होती. तीस वर्षं दरीत पडलेले तिचे सगळे पूर्वज एका क्षणात वर आले आणि तिच्या खांद्यावर बसले. ‘‘माझ्या पोरीला चाकूच्या दिवशी चाकू लावायचा नाही,’’ म्हणाली, आणि गाठोडं बांधायला घेतलं.

मी समजावलं. तिहाश म्हणजे वैद्यांचा दिवस, दुखणं कापून टाकायचा दिवस, हे मी आपल्या बाबांच्या मांडीवर शिकलेय. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ‘‘तुला कौल लावायची पोटली मिळालीय का? तिच्यातल्या लाल बिया कधी हातात घेतल्यास? तू सुया टोच. दिवसाचं सांगायला दिवस मोजणारा लागतो.’’ मोठ्या सिस्टर आल्या, त्या म्हणाल्या सगळे दिवस देवाचे. पास्कुआला म्हणाली, मग हा त्यानं चाकूचा का केला ते त्याला विचारून या. डॉक्टर आले, त्यांनी आकडे सांगितले. त्यांच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

लीसबेथ तेव्हापासून मोरीत बसून रडतेय. बाहेर ओळ लागलीय.

तर असा आमचा सोमवार. एका पोरीनं दूर देशातून येऊन आपला वारसा आपल्यालाच परत दिला, आणि आपण तो घेऊन व्हरांड्यात गाठोड्यावर बसलो आहोत. मन मोकळं झालं. वहिनींना नमस्कार, खेचराला प्रेम.

तुझी धाकटी,
तोमासा

ता. क. हे पत्र घेऊन आलेली, दारात उभी असलेली आणि बहुधा कपाळ चोळत असलेली उंच मुलगी म्हणजेच लीसबेथ. घाबरू नकोस, तिला आपली किचे भाषा वाचता येत नाही, म्हणून तर स्पॅनिश सोडून मी हिच्यात लिहिलं. तिच्या तोंडाकडे बघून हसू नकोस, तिला वाटेल मी काहीतरी लिहिलंय. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, पण पास्कुआलाची अट आहे, ‘‘ज्या तोंडानं दिवस सांगितला, त्याच तोंडानं जाऊन सांगणाऱ्याला बोलवावं.’’ आपल्यात असंच करतात.

ता. क. २. तिच्या टोपलीत गोड पाव, चॉकलेट आणि मेणबत्त्या आहेत. वहिनींना आधी सांग, ही मागणी घालायला आलेली नाही. विनंती कशी करायची ते मी तिला शिकवलंय. उंबऱ्याबाहेर गुडघे टेकायचे, टोपली दोन्ही हातांनी धरायची, घरातलं माणूस उठ म्हणेपर्यंत उठायचं नाही. मोरीतून बाहेर आल्यावर दुपारभर पाळण्यांच्या मधल्या जागेत तिनं सराव केला. ती गुडघे टेकून तुझ्या उंचीला येते. तरी तू तिला थोडा वेळ ताटकळत ठेवशील हे मला माहीत आहे. फार ठेवू नकोस. पहिल्यांदा गुडघे टेकले तेव्हा ती हसली नाही की रडली नाही, एवढंच मी सांगते.

ता. क. ३. मला काही नको असं मी वर लिहिलंय, ते खरं आहे. मला नकोच आहे, हसिंताला हवंय. बुधवारी सकाळच्या गाडीनं ये. पास्कुआला म्हणाली, बुधवारच्या भाकरीपर्यंत थांबते, तात गास्पारनं बिया टाकून सांगितलं तर ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवते, नाहीतर दुपारच्या गाडीनं पोरीला घेऊन जाते. मी तुला खोटं सांग म्हणत नाही. तू सांगणार नाहीस, आणि म्हणूनच ती तुझं ऐकेल. पण तिहाशला परवानगी कशी मागायची, पात्याला कोणत्या शब्दांत विनवायचं, ते तुला येतं. मला फक्त चिकटपट्टी लावता येते. आणि मागच्या वर्षीचं धुपाचं म्हणशील, तर वॉर्डात पेटवलेल्या तुझ्या धुपाटण्यावर पाण्याची बादली मी ओतली असं तू गावभर सांगत फिरतोस, ते साफ खोटं आहे. ओतली मोठ्या सिस्टरनी. मी फक्त भरून दिली. या खेपेला त्यांनी स्वतः मागच्या अंगणात, कपडे वाळत घालतो तिथे, तुझ्यासाठी जागा झाडून ठेवलीय, आणि बादली कपाटात कुलूप लावून. मी विचारलं, एवढी भक्ती कधीपासून? त्या म्हणाल्या, ‘‘पोरीचा हात बघितल्यापासून.’’

ता. क. ४. घाटातल्या वळणांवर लीसबेथला उलट्या होतात. तिला चालकाच्या मागे बसव आणि हातात लिंबू दे. येताना तिला सोबत आणायलाच हवं, विसरून येऊ नकोस. ती उद्या सुट्टी काढून पुन्हा जंगलातली देवळं बघायला जाणार होती, गाडीचं तिकीट काढलेलं होतं, ते तिनं फाडलं. हसिंता म्हणते, झोपवायच्या खोलीत जाताना ‘ठक्’वाली हवी, तिच्याशिवाय मी आत जाणार नाही. या पोरीनं तिचा दिवस घालवला आणि हसिंताला तीच हवी! माझी या वॉर्डातली वीस वर्षं वाया गेली असं वाटलं. मग वाटलं नाही.

ता. क. ५. पाकीट चिकटवणार तेवढ्यात हसिंता आली. कुणाला लिहिता विचारलं. म्हटलं, त्या बहिऱ्या भावाला. मग पाळण्याला टेकून ती आपल्या मुठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘नान, ही उघडली की आत काय असेल?’’ दादा, तिचा प्रश्न होता तसा मी इथे उतरवलाय. तू येऊन सांग.